गाठ उजवीकडे, फोन डाव्या कानाला

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल आणि माझा घसा. मी फोन डाव्या कानाला लावते. गाठ उजव्या बाजूला होती.

हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. दळण घेऊन येणाऱ्या बायांना सांगितलं, भेटायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, रिसोडच्या एसटीत शेजारी बसलेल्या, नावही माहीत नसलेल्या बाईला सांगितलं. ऐकून सगळे मान डोलवतात आणि मग विचारतात, "पन मोबाईल लय पाहत असान तुमी, नाई का?"

म्हणून शेवटी लिहायला बसले. ज्यांच्या घरात असलं दुखणं निघालं आहे, त्यांच्यासाठी. औषधांची नावं इथे नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील. गाठीचा त्रास होतो तो होतोच. पण गाठीचं कारण सांगणारे माणसाला कसे जेरीस आणतात, ते कोणी आधी सांगत नाही. ते मी सांगते.

चक्की

मी केनवडची, वाशिम जिल्ह्यातली. माहेर शेलूबाजारचं, पण आता आयुष्य इथेच जास्त गेलं. शेती आमचे हे पाहतात, पुंडलिक. घराला लागून पिठाची चक्की आहे, ती माझी. चक्की डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त चालवावी लागते. पट्टा सैल झाला की आवाज बदलतो, ज्वारी ओलसर असली की बदलतो, वरचं धान्य संपत आलं की बदलतो. मी पाठमोरी उभी राहून बायांशी बोलत असले तरी मला ते कळायचं.

मग उजवा कान मागे पडायला लागला. कधीपासून, ते नेमकं सांगता येत नाही. कोणी उजवीकडून हाक मारली की मी डावीकडे पाहायची. लोक हसायचे. "चक्कीवालीचे कान चक्कीनंच खाल्ले," म्हणायचे, आणि मीही तेच म्हणायची. पुढे त्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, कुकर शिट्टी देण्याआधी सुस्कारतो तशी. ती बंदच होईना. वाशिमच्या एका दवाखान्यात मळ काढला, थेंब दिले. थेंब संपले, शिट्टी राहिली.

मग झोक जायला लागला. एक दिवस पिठाचा डबा घेऊन दारातून निघाले ती सरळ चौकटीवर आदळले. मंदानं पाहिलं. मंदा माझी जाऊ, माझा धाकटा दीर विलास, त्याची बायको. आमची दोन घरं, अंगण एक.

"जाऊबाई, सकाळीच घेतली काय व?" ती हसली. मग माझं तोंड पाहून तिचं हसू गेलं. "डोळ्यासमोर आंधारी आली काय?"

"नाई. जमीनच तिकडं गेली."

दुसऱ्याच दिवशी तिनं मला वाशिमला कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. डाव्या कानाला मी भराभर दाबलं. उजव्याच्या वेळी मी बसून राहिले, ते कधी सुरू करतात याची वाट पाहत. त्यांनी केव्हाच सुरू केलं होतं.

"चक्कीमुळे असतं तर दोन्ही कान सारखे गेले असते," डॉक्टर म्हणाले. "एकच का गेला, ते पाहावं लागेल. एमआरआय करून घ्या."

अकोल्याचा एक शब्द

अकोल्याला हे सोबत आले. मशीनमध्ये झोपवलं. आत जो धडधडाट सुरू झाला तो ऐकून मला एवढंच वाटलं, हिचा पट्टा खराब आहे. घाबरले नव्हते. खरं सांगते, तोवर मला यात घाबरण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर माझं डोकं दाखवलं, उभ्या चिरलेल्या पत्ताकोबीसारखं. एका बाजूला पांढरा गोळा. म्हणाले, "ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही. हळूहळू वाढणारी असते. पण आता मेंदूच्या बुडाला टेकते आहे, तेव्हा नागपूरला न्यूरोसर्जनला दाखवा."

मला 'गाठ' एवढं ऐकू आलं. त्यानंतर ते जे बोलले ते मला नंतर यांनी सांगितलं. मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली कोंबलेली कार्डं वाचत होते आणि मंदाची ज्वारी दळायची राहिली, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

यांनी विचारलं, "डॉक्टर साहेब, हे मोबाईलनं होते काय?"

डॉक्टरांची नजर दारातल्या पुढच्या पेशंटकडे गेलेली. म्हणाले, "असू शकतं. तसं सांगता येत नाही. मोबाईल जरा कमीच वापरा."

झालं. 'सांगता येत नाही' हे यांना ऐकूच आलं नाही. आणि यांचे कान तर दोन्ही चांगले आहेत.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. दिवसभर लोक तेच विचारत असतील. पण हे वाचणारा कोणी डॉक्टर असेल तर त्याला हात जोडून सांगते: तुम्ही जाता जाता एक शब्द टाकता, आम्ही तो घरी नेतो, पेरतो, आणि त्याचं पीक वर्षभर काढत बसतो.

टिनाची भिंत

घरी पोचायच्या आधीच यांनी माझा फोन काढून घेतला. आल्या आल्या लोखंडी पेटीत टाकला आणि कुलूप लावलं. पल्लवी, आमची मुलगी, नागपूरला नोकरीला. तिनं फोन करून करून शेवटी मंदाला लावला. मंदा फोन घेऊन अंगणातून धावत आली, "जाऊबाई, पल्लवी रडून राह्यली."

हे दारातच आडवे आले. "तो फोन आत नेऊ नोको."

"भाऊजी, पोरगी हाये जाऊबाईची."

"पोरगी हाये म्हनूनच सांगतो. तुमच्या वावरातल्या त्या खांबानंच केलं हे."

हा खांब म्हणजे टॉवर. भावांची वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडचा तुकडा विलासच्या वाट्याला आला. पुढे कंपनीला टॉवरसाठी जागा हवी होती, त्यांनी तोच तुकडा निवडला. भाडं विलासला मिळतं. यांना तेव्हा वाईट वाटलं होतं, पण बोलले नव्हते. आता बोलायला माझी गाठ मिळाली.

मी म्हटलं, "अहो, टॉवरच्या आधीच कान गेला होता माझा. पाया खोदाले जेसीबी आला तेव्हा मागून हॉर्न वाजून राह्यला अन् मी रस्त्यात उभी. मंदानं हात धरून ओढलं, आठवते ना?"

यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मंग मोबाईलनं झालं असन."

"मोबाईल मी डाव्या कानाले लावतो."

"मंग दोन्हीनं मिळून झालं असन."

त्याच आठवड्यात यांनी अंगणाच्या मधोमध लाकडी बल्ल्या रोवून टिनपत्रे ठोकले. विलास बाहेर येऊन उभा राहिला. मंदा म्हणाली, "पत्र्यानं रेडिएशन अडते काय, भाऊजी?" हे ठोकतच राहिले. मला मात्र त्यानं बरंच अडलं. भाजीची वाटी अडली, दुपारचा चहा अडला, झोक गेला तर धरायला येणारा हात अडला.

नागपूरची तारीख मिळेपर्यंत माझी जी परवड झाली ती गाठीनं केली नाही. रोज कोणी ना कोणी यायचं. मोबाईलमुळे मेंदू कसा शिजतो याचा व्हिडिओ मला दाखवायचं. मोबाईलवर. हे कोणाच्या मोबाईलला अडवायचे नाहीत, फक्त माझ्या आणि मंदाच्या. एका पाहुण्यानं रिसोडच्या बाजारातून सोनेरी स्टिकर आणलं. फोनच्या पाठीवर चिकटवलं की सगळं रेडिएशन शोषून घेतं म्हणे. मी विचारलं, शोषून ठेवतं कुठे? तो रागावला. एकीनं कानात कांद्याचा रस घालायला सांगितलं. एकीनं विचारलं, मी पोटुशी असताना ग्रहण पाहिलं होतं का.

आणि लपवत नाही, मीही घाबरले होते. दिवसा सगळ्यांशी वाद घालायची आणि कोणी फोन घेऊन जवळ बसलं की नकळत सरकून बसायची. भीतीला डाव्या-उजव्याचं कळत नाही.

बंडूभाऊ

गावात टॉवर हटाव समिती निघाली. बंडूभाऊ तिचे पुढारी. पन्नाशीचे, दोन एकराचे धनी, तोंडानं मोठे. सकाळीच येऊन ओट्यावर बसले.

"वयनी, तहसीलवर मोर्चा नेतो. तुमी फक्त समोर बसाचं. बोलाचं काम आमचं."

"समोर बसून काय करू?"

"काईच नाई. लोकाईले दिसलं पाह्यजे."

म्हणजे मी पुरावा. चालताना झोक जाणारा, जिवंत पुरावा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बंडूभाऊ, टॉवरनं झालं हे तुमाले कोनं सांगतलं?"

"जग सांगते. मोठमोठे शास्त्रज्ञ सांगते."

"मंग माह्या डॉक्टरले काहून माहीत नाई?"

"त्याईचे तोंड कंपनीवाल्याईनं बंद केले."

मी आत जायला उठले. तेवढ्यात ते खाली पाहत म्हणाले, "आमच्या घरचीचंही डोकंच दुखत होतं, वयनी. गोळ्या खात गेली, खात गेली, अन् एक दिवस वावरातच पडली. तुमच्या तं डोक्याचा फोटो तरी निघाला. तिच्या डोक्यात काय होतं, आमाले कोनी सांगतलंच नाई."

मी उभी होते तिथेच बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला बंडूभाऊंचा राग आला नाही. चहा केला त्यांच्यासाठी. मोर्चाला मात्र गेले नाही.

कोणत्या कानाला?

नागपूरचे डॉक्टर शांत होते. रिपोर्ट पाहिले, मला नाकाचा शेंडा हातानं शिवायला लावला, एका रेषेत चालायला लावलं. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. उजवा कान पूर्ण जाईल. चेहऱ्याची नस गाठीला चिकटून आहे, तिला जपायचा प्रयत्न करू. मग विचारलं, "काही विचारायचंय?"

हे टपूनच बसले होते. "मोबाईलनं झालं का टॉवरनं?"

मी मधेच म्हटलं, "डॉक्टर, मी फोन डाव्या कानाला लावते. गाठ उजवीकडे आहे. तुम्हीच सांगा आता यांना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "आधीपासून डाव्याच कानाला? की उजव्यानं नीट ऐकू येईना म्हणून डाव्याला लावायला लागलात?"

सगळ्या गावाच्या तोंडावर मारलेलं माझं उत्तर! पहिला फोन हातात आला तेव्हा मी तो कुठे लावायची? चक्कीवर असताना डाव्या हातानं पीठ सारायची, म्हणजे फोन उजव्या हातात असणार? की उलटं? मला आठवेना.

"आठवत नाही," मी म्हटलं. लाज वाटली.

"कोणालाच आठवत नाही," ते म्हणाले. "यावर अभ्यास करणाऱ्यांची हीच पंचाईत आहे. इतक्या वर्षांपूर्वी कोणत्या कानाला, दिवसातून किती वेळ, कोण सांगणार? ज्याला गाठ झाली तो आठवून आठवून जास्त सांगतो. ज्याला झाली नाही तो विसरून गेलेला असतो."

"पण मग होतं की नाही होत?"

"पुष्कळ देशांत, पुष्कळ वर्षं पाहताहेत. काही ठिकाणी शंका घ्यावी असं दिसलं. बहुतेक ठिकाणी काही दिसलं नाही. पक्का संबंध अजून हाती लागलेला नाही. पण नाहीच म्हणून कोणी हात झटकलेले नाहीत, पाहणं चालू आहे."

"अन् टॉवर?" यांनी विचारलं.

"टॉवर दूर असतो, डोक्याजवळ असतो तो फोन. आणि रेंज कमी असली की फोनच जास्त जोर लावतो."

म्हणजे बंडूभाऊंनी टॉवर पाडला तर गावातले सगळे फोन आणखी जोर लावणार. मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहत होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "यालेही नाई माहीत."

डोळा

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. जाग आली तेव्हा छत गरगर फिरत होतं, ओकाऱ्या थांबत नव्हत्या, आणि अर्धा चेहरा दुसऱ्या कोणाचा तरी होता. पाणी प्यायले तर ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली सांडलं. उजवा डोळा मिटेना. त्यात थेंब टाकायचे, मलम भरायचं आणि झोपताना पट्टीनं पापणी चिकटवायची. आरसा मागितला तर नर्स म्हणाली, "आज नको, काकू." तेव्हाच समजले.

वॉर्डात सगळ्याची वेळ ठरलेली. उजाडायच्या आधी झाडू, मग ताप पाहणं, मग डॉक्टरांचा घोळका. प्रत्येकजण म्हणायचा, काकू, दात दाखवा, भुवया उचला, गाल फुगवा. दात दाखवून दाखवून मी त्रासले. एका शिकाऊ डॉक्टरला म्हटलं, "बाबा, कालच्याएवढेच आहेत. एकही नवा आला नाही."

शेजारच्या खाटेवर मेडशीची एक म्हातारी होती, तिच्याही डोक्याला पट्ट्या. तिनं माझी कहाणी ऐकून घेतली. मग म्हणाली, "तुले टॉवरनं धरलं, मले मेलेल्या सासूनं. घरच्याईनं चार महिने अंगारेच लावले. आता डॉक्टरनं गाठ काढली तं म्हनतात, सासू बाहीर निंगाली." आम्ही दोघी हसलो. मला हसता येत नव्हतं, अर्धंच तोंड वर जायचं, पण हसलो.

पल्लवीची सुट्टी संपत आली. यांना पापणी चिकटवता येईना, पट्टी केसांना चिकटायची. मी वैतागून ओरडायची, मग हे बाहेर जाऊन बसायचे. एक दिवस सकाळी डोळा उघडला तर समोर मंदा. पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि तिची स्वतःची साडी.

"तू कशी आली?"

"एसटीनं."

"अन् हे?"

"भाऊजी बाहीर बसले हायेत. मी त्याईले पाह्यलं, त्याईनं मले पाह्यलं. काई म्हनले नाई." तिनं हात धुतले. "कोठी हाये ती पट्टी?"

मला दवाखान्यातून घरी सोडेपर्यंत ती खाटेखाली सतरंजी टाकून झोपली. पापणी अशी मिटवायची की मला स्पर्शही कळू नये. माझा चेहरा पाहून ती एकदाही "अरे अरे" म्हणाली नाही. पहिल्या दिवशी फक्त म्हणाली, "जाऊबाई, तुमी आता अर्ध्याच रागावता."

घरी आल्यावर पत्रे तसेच होते. पण त्यातला एक कोणीतरी काढून ठेवला होता, माणूस जाईल एवढा. कोणी काढला ते यांनी विचारलं नाही.

तोच शब्द पुन्हा

चेहऱ्याची नस वाचवायची म्हणून डॉक्टरांनी गाठीचा एक छोटा तुकडा तिथेच ठेवला होता. चेहरा हळूहळू परतला, पूर्ण नाही, पण डोळा मिटायला लागला. झोक कमी झाला. भिंत धरून धरून मी चक्कीपर्यंत जायला लागले. आणि पुढच्या तपासणीत तो तुकडा वाढलेला निघाला.

डॉक्टर म्हणाले, "आता पुन्हा उघडायचं नाही. बाहेरूनच नेमका त्याच जागी रेडिएशनचा डोस देऊ. एका दिवसाचं काम आहे."

हे खुर्चीवरून उठलेच. "रेडिएशन?"

"हो."

"रेडिएशननंच तं झालं, अन् तुमी वरून रेडिएशनच देता?"

डॉक्टरांनी समजावलं. ते किरण वेगळे, फोनचे वेगळे. शब्द एक आहे म्हणून वस्तू एक नसते. यांनी ऐकून घेतलं नाही. माझा हात धरून बाहेर आणलं.

कॉरिडॉरमध्ये माणसांची रांग होती, पण मला राहवलं नाही. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"डोकं कोनाचं हाये?" मी म्हटलं.

"हळू बोल."

"कायले हळू बोलू? मले माहाच आवाज अर्धा ऐकू येते. डोकं माहं हाये ना? तुमी माहा फोन ठेवला पेटीत, मी चूप राह्यली. पत्रे ठोकले, चूप राह्यली. आता औषधही तुमी पेटीत घालता काय? एका शब्दासाठी मी मरू काय?"

मरू हा शब्द मी त्या सगळ्या काळात पहिल्यांदा बोलले. बोलून मलाच हबकायला झालं.

हे बाकावर बसले. म्हणाले, "मीच तुले चक्की घेऊन देल्ली होती. लोक म्हनत होते, कान चक्कीनं गेले. मले वाटलं, मीच केलं हे. मंग अकोल्याच्या डॉक्टरनं मोबाईलचं म्हनलं, तं मले..." थांबले. "मले बरं वाटलं."

मी शेजारी टेकले.

"आता हा म्हनते, मोबाईलचं पक्कं नाई. टॉवरचं नाई. चक्कीचंही नाई. मंग मी धरू तरी कोनाले?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लग्नानंतर यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मला दया आली, आणि खरं सांगते, रागही तेवढाच राहिला. गाठ माझ्या डोक्यात, ऑपरेशन माझं, आणि समजूत मीच काढायची!

"कोनालेच नोका धरू," मी म्हटलं. "माहा हात धरा. आत चला. विचारा त्याईले जे विचाराचं ते."

आत गेल्यावर यांनी एकच विचारलं. "साहेब, मंग काहून झालं हिले?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पुंडलिकराव, मला माहीत नाही. बहुतेक लोकांना ही गाठ का होते, ते अजून कोणालाच नीट सांगता येत नाही. तुम्ही काही केलं म्हणून झाली नाही, एवढं सांगतो."

यांनी मान हलवली. माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली.

ठरलेल्या दिवशी डोक्याला चौकट बसवली. ती बसवताना दुखलं. बाकी त्या मशीनखाली पडून राहायचं, एवढंच. ना आवाज, ना चटका. संध्याकाळी मी चालत बाहेर आले. बाहेर हे उभे होते, शेजारी मंदा.

चहा

पुढच्या तपासणीत तुकडा होता तेवढाच निघाला. आता दरवर्षी पाहायचं आहे. उजवा कान गेला तो गेलाच. त्याचा एक फायदा आहे: उपदेश करायला कोणी आलं की मी त्याला उजवीकडे बसवते. चक्की पुन्हा चालवते, पण आता पट्ट्याकडे डोळ्यांनी पाहावं लागतं. हसले की फोटोत तोंड वाकडं येतं. बंडूभाऊंची समिती अजून आहे, टॉवरही आहे. मी बंडूभाऊंना म्हटलं, मोर्चा न्यायचाच असेल तर रिसोडला डोक्याचा फोटो काढायचं मशीन आणा म्हणून न्या, मी समोर बसते. ते विचार करतो म्हणाले.

त्या तपासणीहून आलो तो दिवस सांगते आणि थांबते. एसटीतून उतरलो. घराकडे वळायच्या वळणावर हे थांबले. म्हणाले, "विलासकडून जाऊ."

विलास ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. आम्हाला पाहून उठला. भावाभावांत तोवर एक शब्द झालेला नव्हता, पत्रे ठोकल्यापासून. मंदा आतून डोकावली आणि गॅस पेटवायला गेली.

विलासनं मला विचारलं, "काय म्हनले डॉक्टर, वयनी?"

"हाये तेवढीच हाये. वाढली नाई."

"बरं झालं बाप्पा." मग भावाकडे न पाहता म्हणाला, "अन् कायनं झालं, ते सांगतलं काय?"

हे खाली बसले. समोरच्या टोपल्यातून एक शेंग घेतली, सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

"नाई माहीत म्हनले."

"त्याईलेही?"

"कोनालेच नाई."

विलासनं मान हलवली. आणखी एक शेंग घेतली. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून शेंगा सोलत राहिले. मंदा चहा घेऊन आली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली.